पत्र्यावर दोन थापा

“बत्तीस वर्षं यष्टीत कंडक्टर होतो, जावईबापू. मला बस शिकवताय होय?” जर्मनीतल्या थांब्यावरून नानांनी फोनवर सुनावलं. “आलोच दवाखान्यात. नातीला मांडीवर पहिल्यांदा मीच घेणार.”

बस आली. नानांनी सवयीनं दाराशी उभं राहून सगळ्यांना आत घातलं, शेवटी डिंकाच्या लाडवांसकट बायकोला चढवलं आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या. दार मिटलं. बस गेली. नाना खालीच राहिले.

विचारत, चालत ते दवाखान्यात पोचले, तेव्हा भेटायची वेळ संपली होती. बायको बाहेर येत म्हणाली, “माझं बोट धरून झोपली बघा. तुम्ही कुठं उतरलात?”

“चढलोच नव्हतो.”

दोन दिवसांनी मायलेकींना घरी न्यायला जावयानं गाडी आणली. बायको मुद्दाम पुढं बसली. “नातीशेजारची जागा तुमची. बसा आता.”

“आधी सगळं आत जाऊ दे.” नानांनी लेक, नात, पिशव्या नीट आत घातल्या, दार लावलं आणि टपावर दोन थापा मारल्या.

जावई कराडचा होता. त्यानं गाडी काढली.