निरोपाला उत्तर

नाक्यांझी चटईवर गुडघे टेकून बसली आणि प्रोफेसर लुटायांची विचारपूस करू लागली. घर कसं, तब्येत कशी, गावाकडचा मळा कसा. डॉक्टर झाली म्हणून काय झालं? वडीलधाऱ्यांपुढे बाईने असंच बसायचं आणि त्यांचा हुंकार आल्याशिवाय उठायचं नाही. आज प्रोफेसर भराभर हुंकार देत होते.

"ऊठ पोरी, ऊठ. मातोके गार होतील."

त्यांची बायको वाफवलेल्या कच्च्या केळ्यांचं, मातोक्यांचं, पानात बांधलेलं पुडकं उभ्यानेच सोडत होती. जुळ्यांची आई म्हणून सगळे तिला नालोंगो म्हणत. गुडघे गेल्यापासून नालोंगोंना खाली बसणं माफ होतं.

प्रोफेसरांच्या ताटाशेजारी कागदांचा गठ्ठा होता. उत्तरेकडच्या एका लहानशा मिशन इस्पितळातल्या दोन डॉक्टरांचा लेख. बाळंतपणानंतर बाईच्या अंगावरून फार रक्त जायला लागलं, तर ते वेळेवर ओळखायची स्वस्तातली रीत त्यांनी शोधली होती. छापण्याजोगा आहे का, हे पाहायला वैद्यकीय मासिकाने तो नाक्यांझीकडे पाठवला होता, कोणाला न दाखवण्याच्या बोलीवर. गुरुवारी तिने तो विभागातल्या प्रिंटरला दिला आणि वीज गेली. वाट पाहून ती घरी गेली. वीज आल्यावर प्रिंटरने राहिलेलं काम इमानाने पुरं केलं, आणि कागद प्रोफेसरांच्या हाती पडले.

"नाकार, असं मी म्हणत नाही," प्रोफेसर म्हणाले. "काम चांगलंय. फक्त आणखी शे-दोनशे बायका तपासा म्हणावं. तोवर आपला लेख बाहेर पडेल. आपणही तीन वर्षं हेच करतोय ना?"

"त्यांचं आधी झालं, सर."

"आधी झालं. मिशनच्या दवाखान्यात बसून." ते हसले. "लोक विचारतील, लुटाया काय झोपला होता? आणि पुढच्या महिन्यात तुला नोकरीत कायम करायचंय. सही कोणाची लागते?"

"तुमची."

"मग?"

"ते आणखी बायका तपासणार म्हणजे वर्ष जाणार. तोवर बाकीच्या बाया बाळंत व्हायच्या थांबतील का, सर?"

नालोंगोंनी शेंगदाण्याचं कालवण तिच्या ताटात वाढलं. डाव जरा जोरातच आपटला. "अहो, दुसऱ्याच्या ताटात किती वेळ बघणार? जेवा."

"तू मध्ये पडू नकोस."

नाक्यांझीने हातातला घास संपवला. "काल तुम्ही फोनवर म्हणालात ना, लेख तुमच्या हाती लागलाय म्हणून? तेव्हाच मी मासिकाला कळवलं. माझ्या हलगर्जीपणाने तो बाहेर गेला. आमच्याकडेही हेच काम चालू आहे, ते मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. मी मत देत नाही, दुसरं कोणीतरी बघा."

"बाहेर गेला म्हणजे कोणाच्या हाती, ते विचारतील."

"विचारायच्या आधीच सांगितलं."

प्रोफेसरांनी ताट सरकवलं. "दुसऱ्याचा लेख कसा वाचायचा, हे तुला कोणी शिकवलं?"

"तुम्हीच, सर."

"निघ तू आता."

ती हात धुऊन आली. पुन्हा चटईवर गुडघे टेकले, रीतीप्रमाणे निरोप मागितला. प्रोफेसरांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. हुंकार आला नाही.

ती उठली नाही.

कालवणावर साय धरली. गल्लीतून भाड्याची मोटरसायकल, एक बोडाबोडा, फटफटत गेली, मागे बसलेल्या बाईसकट. प्रोफेसर खिडकीकडेच पाहत होते. नाक्यांझीची पाठ ताठ होती.

नालोंगोंनी डाव खाली ठेवला. टेबलाची कड धरली, एक गुडघा टेकला, मग दुसरा. दोन्ही मोठ्याने वाजले. त्या नाक्यांझीच्या शेजारी बसल्या आणि झगा सारखा केला.

"आता दोघींना उत्तर द्या," त्या म्हणाल्या. "मला घाई नाही."