आवाजांची फेरी

"आता आवाजांची फेरी," क्विझमास्तर डेक्लन माईकवर म्हणाला. "मी आवाज लावणार, तुम्ही कागदावर लिहायचं. आणि हळू बोला रे बाबांनो. उत्तर मोठ्याने फुटलं, तर तो प्रश्न सगळ्यांचाच बाद!"

पबच्या खिडक्यांना समुद्राचं धुकं येऊन टेकलं होतं. आत दिवे पिवळे, बिअर काळी, आणि टेबलाटेबलावर डोक्याला डोकी लागलेली. रविवारी चर्चमध्येही या गावात कुणी इतकं हळू बोलत नसे.

पेन्सिल नोरीनच्या हातात होती. एका बाजूला तिचा नवरा फिन्टन, दुसऱ्या बाजूला मैत्रीण बर्नी. फिन्टनला अर्धांगाचा झटका आला त्याला वर्ष होत आलं होतं. पाय सुधारले, हात सुधारला, जीभ तेवढी रुसून बसली ती बसलीच. बोलत्या माणसांत न्या त्याला, असं डॉक्टरीण म्हणाली होती. म्हणून नोरीन दर गुरुवारच्या क्विझला त्याला घेऊन यायची, त्याच्या जुन्या जागी बसवायची, समोर अर्धा ग्लास ठेवायची आणि त्याच्या ओठांकडे बघत राहायची. आज मात्र तिने मनाशी ठरवून टाकलं होतं की आता पुरे, पुढच्या गुरुवारी घरीच बसायचं. आशा करून करूनही माणूस थकतंच की हो!

पहिला आवाज चरख्याचा निघाला. दुसरा आला तशी बर्नी तिच्या कानाशी लागली. "लिही, लिही, टाइपरायटर! उभी हयात गेली माझी त्याच्यावर."

मग तिसरा आवाज आला. लांब कुठेतरी बायका गात असाव्यात, शब्द विसरून गेल्यात, आणि एकीचा सूर संपला की दुसरी उचलतेय, असं काहीतरी. तो स्पीकरच्या पेटीतून येतोय की बाहेरच्या धुक्यातून, तेच कळेना. नोरीनच्या पापण्या जड झाल्या. टेबल हळूच जागचं सुटलं, खुर्च्या सुटल्या, सगळाच पब दिव्यांसकट बंदराबाहेर निघाला, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही. उलट बरं वाटलं. पाणी शांत होतं. कुणालाच कुठे जायचं नव्हतं.

"मांजरं आहेत का गं?" बर्नी कुजबुजली. नोरीनला ते ऐकूच आलं नाही.

"नोरीन."

चांगलं मोठ्याने. थेट बारपर्यंत गेलं.

फिन्टनने तिची बाही घट्ट धरली होती. कपाळावर घाम आला होता, आणि तोंड अजून उघडंच होतं, मागे आणखी काहीतरी अडकून राहिल्यासारखं. नोरीनने त्याच्याकडे पाहिलं. आपलं नाव इतकं सुंदर आहे हे तिच्या आजवर लक्षातच आलं नव्हतं.

"अगं आई गं," बर्नी म्हणाली आणि तिने छातीवर क्रूसाची खूण केली.

कुणी हललं नाही. पेटीतलं गाणं आपलं चालूच होतं. प्रश्न बाद म्हणायला डेक्लनने माईक तोंडाशी नेला, आणि तसाच खाली घेतला. मग कोपऱ्यातल्या टेबलावरचा जाडा खाटीक खाली वाकला आणि त्याने कागदावर काहीतरी लिहिलं. मग दारापाशी बसलेल्या दोघी बहिणींनी लिहिलं. मग सगळ्यांनीच.

फेरी संपली. तपासायला कागद नेहमीसारखे शेजारच्या टेबलांवर गेले. डेक्लन एकेक उत्तर वाचू लागला. चरखा. टाइपरायटर. तिसऱ्यापाशी येऊन त्याने दोनदा घसा खाकरला.

"तिसरा आवाज. उत्तर, नोरीन."

पब नुसता दणाणून गेला. लोकांनी टेबलं बडवली, कुणीतरी शिट्टी मारली. त्या गोंगाटात खाटकाने एक कागद उंच धरला. "डेक्लन, इथे तर कोरंच आहे!"

"कुणाचा कागद?"

"खुद्द नोरीनचा!"

"मग शून्य!" डेक्लन म्हणाला. "काय बाई तरी, स्वतःचं नाव येईना होय तुला?"

सगळे पोट धरून हसले. नोरीन हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. बाही अजून त्याच्या मुठीतच होती.

हसत नव्हता तो एकटा फिन्टन. त्याची मान लाल झाली, कान लाल झाले. त्याने बाही सोडली आणि टेबलावर अशी मूठ आपटली की ग्लास उडाले.

"चूक!"

डेक्लनने वळून त्याच्याकडे पाहिलं.

"चूक, गाढवा!" आणि मग तो शोधू लागला. ओठ जुळले, सुटले, परत जुळले. सगळा पब त्याच्या तोंडाकडे बघत होता. "सी... सील! सील ते. खडकावरचे. गातात."

डेक्लनने हातातल्या कागदाकडे पाहिलं. समुद्रातले सील प्राणी, खडकावर गाताना, असंच तिथे लिहिलेलं होतं. त्याने कागद उलटा करून बारवर ठेवला आणि वर ग्लास ठेवला.

"क्विझमास्तरचा शब्द शेवटचा, फिन्टन. मी म्हणालो नोरीन, म्हणजे नोरीन."

फिन्टनने श्वास भरून घेतला. पुढचा शब्द येईना. गालाची शीर उडायला लागली.

"जाऊ दे ना रे डेक्लन," बर्नी कळवळून म्हणाली, "कशाला छळतोस त्याला? दे टाकून त्याचं बरोबर."

नोरीनने तिचं मनगट दाबलं. "गप गं तू." मग ती फिन्टनच्या कानाशी वाकली.

"भांड," ती म्हणाली. "सोडू नकोस त्याला. भांड."