फरशीवरचा फेर

इस्त्रियाच्या किनाऱ्यावर दीपगृहाच्या अंगणात लग्नाची जेवणं उरकली, तशी येल्काच्या हाती बादली आली. नव्या सुनेनं शेजारच्या रोमन अवशेषांतली फरशी धुवायची, ही रीत. पाणी पडलं की तिच्यावर रंगीत खड्यांनी जडवलेल्या नाचणाऱ्या बायका उजळून निघत.

"ओत गं सूनबाई, तहानल्यात बिचाऱ्या!" दीपगृह सांभाळणारे सासरे फ्राने हसले.

पाणी पडलं. बायकांच्या फेरात मधेच एक जागा रिकामी होती.

"मामंजी, इथली कुठं गेली?"

"काल तर होती," ते पुटपुटले.

तेवढ्यात अंगणात अकॉर्डियन सुरू झालं. येल्का धावत नाचात शिरली. एक हात नणंदेनं धरला. दुसराही कुणीतरी धरला. धरणारा हात ओला होता, खड्यांसारखा खरखरीत. पण ठेका असा झकास, की येल्का खिदळतच त्या हातामागून फरशीकडे नाचत निघाली.