चिंचेच्या पलीकडं

"कुठल्या ऑफिसची गं तू?" दुर्गाबाईंनी पुन्हा विचारलं.

"ऑफिसची नाही आज्जी. मी चित्रं काढते. बेळगावात प्रदर्शन आहे माझं," मंजुश्री म्हणाली आणि वडगावच्या त्या अरुंद सोप्यात तिनं पांढरं कापड पसरलं.

कापडावर इंग्रजांच्या काळातला नकाशा छापलेला होता. नदी, टेकड्या, गावांची नावं. धरणात गेलेल्या गावांतली माणसं हुडकत मंजुश्री फिरत होती. ज्यानं त्यानं आपलं गाव आठवून त्या नकाशावर दोऱ्यानं भरायचं, एवढंच तिचं मागणं. आतल्या खोलीत दुर्गाबाईंच्या सुनेचा माग खटखटत होता.

दुर्गाबाई कापडाला हात न लावता वाकून बघत राहिल्या. नदीचं वळण त्यांना ओळखू आलं.

"हितं काय लिवलंय?"

मंजुश्रीनं वाचून दाखवलं. साहेबानं नाव वेडंवाकडं लिहिलं होतं, पण गाव तेच होतं. दुर्गाबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"साहेबाला कुणी दावलं आमचं गाव?"

"मोजणीला आले असतील."

"आमच्या वेळंलाबी आलते. साहेब न्हवं, आपलीच मान्सं. आमच्या सासऱ्यानं, आप्पानं, ताक पाजलं त्यास्नी. घर मोजलं, दारावर चुन्यानं नंबर घातला. म्हनले, नुसतं कागदावर घ्यायचं हाय." त्यांची नजर मंजुश्रीच्या फोनवर गेली. "ते आदी पालथं ठेव."

मंजुश्रीनं फोन पालथा ठेवला. मग दुर्गाबाईंनी सुई ओढून घेतली.

टाका सरळ पडत होता. मारुतीचं देऊळ आलं. शेताकडची पाणंद आली. विहीर आली, तिच्याशेजारी चिंच. न विचारताच त्या सांगू लागल्या, हे रवळूचं घर, हे परशरामाचं. विहिरीवर कोण कुणाशी भांडायचं ते सांगताना तर त्या खुदकन हसल्या. मंजुश्रीला वाटलं, आता म्हातारीचा विश्वास बसला.

चिंचेच्या पलीकडं सुई थांबली. तेवढी जागा कोरी सोडून दुर्गाबाईंनी पुढचं घर भरायला घेतलं.

"आज्जी, इथं काय होतं?"

"काय न्हाय."

"तुमचं घर राहिलं की भरायचं."

दुर्गाबाईंनी मान वर केली. मघाची ती संशयाची नजर परत आली होती.

"ते मी दावायची न्हाय. कागदावर घेतलं की घर जातंय."

"आता काय जायचंय आज्जी?" मंजुश्री हळूच म्हणाली. "सगळं गाव पाण्याखाली आहे."

"पान्याखाली हाय," दुर्गाबाई म्हणाल्या, "पन हाय न्हवं?"

आणि त्यांनी दातानं दोरा तोडला.