वेड्या डॉक्टरचा मदतनीस

"तोंड झाकलंय, पण चाल कुठं झाकतीय?" तंबूबाहेर छगन मच्छिंद्रच्या कानाशी पुटपुटला. "आज तूच बघ."

जामखेडजवळच्या त्या जत्रेत तंबू टॉकीजने एक जुना, तुटपुंज्या पैशांत काढलेला भयपट आणला होता. मेलेल्यांना उठवू पाहणारा वेडा डॉक्टर आणि त्याचा मुखवटा घातलेला लंगडा मदतनीस. छगनच्या मते तो मदतनीस म्हणजे अंगद, मच्छिंद्रचा बाप. छगनच्याच टोळीतून तो ऊसतोडीला गेला होता. एका सकाळी बाजारासाठी टोळीच्या मुक्कामाच्या अड्ड्यावरून निघाला आणि परतलाच नाही.

तेव्हा मच्छिंद्र पाळण्यात होता. आता त्याच्या कानशिलांवर पांढरे केस आले होते, आणि त्याची आई साळूबाई अजूनही कपाळभर कुंकू लावून रोज संध्याकाळी नवऱ्यासाठी एक भाकरी टोपलीखाली झाकून ठेवत होती. ती भाकरी त्याला आयुष्यभर सलत आली होती. सिनेमातल्या रंगाच्या आणि दिव्यांच्या हव्यासापायी पळालेला नवरा आईने डोळ्यांनी पाहावा आणि ते वाट पाहणे एकदाचे संपावे, एवढ्यासाठीच त्याने तिला आणले होते.

"वळखशील का?" त्याने आईला विचारले.

"उसाच्या गाडीचं चाक गेल्तं त्यांच्या डाव्या नडगीवरनं. हाड आत वळूनच जुळलं. रोज तेल चोळलंय म्या, अंधारातबी वळखीन. आन् डाव्या हाताची कडंची दोन बोटं कोयत्यानं नेल्याली."

दाराशी तंबूचा मालक गोरक्षनाथ हसला. "मावशी, भिऊ नका. समदं खोटं हाय. बाटल्यांत रंगाचं पानी, डॉक्टरचा कोट न्हाव्याचा. खरा फकस्त सांगाडा. तवा प्लास्टरच्यापरीस खराच स्वस्तात मिळायचा म्हनं."

सिनेमा सुरू झाला. एके काळी ज्या दृश्यांना बायका किंचाळल्या असतील, त्यांना आता तंबू शिट्ट्या घालत होता. मग हातमोजे चढवलेला मदतनीस फरफटत आला. मच्छिंद्र पुढे सरकून बसला. ह्या सोंगापायी आईची सारी उमर चुलीपुढे करपली होती.

"आये, ह्योच ना?"

साळूबाईने बराच वेळ पाहिले. "न्हाई. ह्यो उजव्या पायानं लंगडतोय."

"सिनेमात उजवं-डावं उलटं दिसतं!"

"मग घड्याळ त्यानं डाव्याच हातात कसं बांधलंय?"

"अजून पाठीशी घालतीस त्याला?" तो दात खात म्हणाला. "आगं, सोडून गेला तो तुला!"

ती पडद्याकडेच बघत राहिली.

पडद्यावर डॉक्टरने प्रयोगशाळेतला काळा पडदा ओढला आणि तिथे टांगलेल्या सांगाड्यावर कंदील धरला. कमरेत वाकून त्याने सांगाड्याचा डावा हात हातात घेतला. "या पाव्हणं, लई दिसांनी आलात!"

तंबू खदखदला. मच्छिंद्रलाही हसू आवरले नाही. त्या संध्याकाळी तो पहिल्यांदाच मोकळा हसला.

शेजारी साळूबाईचा तळवा मांडीवर सावकाश, वरून खाली, तेल चोळल्यागत फिरत होता. मग तो थांबला. तिने पदराचे टोक जिभेवर ओले केले आणि कपाळावरचे कुंकू पुसून टाकले.

पडद्यावर डॉक्टर अजून सांगाड्याचा तो हात हलवत होता. हाताला तीनच बोटे होती, आणि डावी नडगी गुडघ्याखाली आत वळलेली.