चौऱ्याण्णव खण

"दादा, हवा चालली! हवा चालली रे!" आत्या खुर्चीतून अर्धी उठून ओरडली.

हवा चालली होती ती पडद्यावरच्या अंतराळस्थानकातली. छोट्याशा ऑफिसात चार संगणक ओळीनं मांडले होते. मधल्या दोन्हींवर शेजारच्या ऑफिसातले दोघे खेळायला बसले होते. आत्या स्थानकाची कप्तान, आणि टोकाला बाबा, मेकॅनिक. भिंतीला भोक पडलं होतं आणि चाळीस सेकंद उरले होते. बाबांच्या खुर्चीमागे लेक उभी होती, दातांत नख धरून.

खेळ तिनं आणि तिच्या कामातल्या दाढीवाल्या जोडीदारानं मिळून रचला होता. आजवर सव्वीस चाचण्या झाल्या आणि सव्वीसही वेळा स्थानक फुटलं. भोक बुजवायला लागणारा नेमका स्क्रू शोधता शोधताच माणसं गुदमरायची. मागच्या खेपेला तर खुद्द बाबा मेले. हातात स्क्रू होता, पण आटे जुळत नव्हते. "चुकीचा स्क्रू मी लावणार नाही," म्हणाले, आणि इमानानं गुदमरले.

"चौऱ्याण्णव सुटे भाग!" दाढीवाल्यानं तेव्हा कपाळ बडवून घेतलं होतं. "हा खेळ आहे की दुकान?"

दुकानच होतं ते. बाबांचं. त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानातलं चौऱ्याण्णव खणांचं कपाट तिनं भिंतीवर फोटो लावून जसंच्या तसं खेळात उतरवलं होतं, वायसर न् वायसर. दोन वर्षं लागली. आज सकाळी ते तिनं पुसलं. चारच खण ठेवले: पत्रा, स्क्रू, तार, चिकटपट्टी. आजही स्थानक वाचलं नाही तर खेळ गुंडाळायचा, असं दोघांचं ठरलं होतं. बाबांना मात्र तिनं काही सांगितलं नव्हतं. कोणत्या तोंडानं सांगणार?

बाबा पडद्यावर धावत कोठारात शिरले आणि थबकले. माउसवरचा हात उचलला गेला.

"कपाट कुठं गेलं?"

"बाबा, ते..."

"कपाटाचं मागाहून बघ रे दादा! माझे ओठ निळे पडलेत!"

"तुझे नाहीत, त्या बाहुलीचे."

"बाहुली मीच आहे!"

तीस सेकंद. बाबांनी पहिला खण उघडला, मग दुसरा. मान किंचित तिरकी झाली, जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात आलं. रेडिओचं पोट उघडून बसले की ते असेच दिसायचे.

"आटे कोणते या स्क्रूचे?"

"एकच, बाबा. सगळीकडे बसतो."

"सगळीकडे?"

"सगळीकडे."

"म्हणजे मी चुकूच शकत नाही?" ते लहान पोरासारखे हसले. आणि मग जे सुटले! खण उघड, पत्रा काढ. खण उघड, स्क्रू काढ. एक कोपरा, दुसरा कोपरा, तिसरा. "घाई कर!" शेजारच्यांतला एक जण टेबल बडवू लागला. "पळा, काका, पळा!" दुसरा. चौथा कोपरा बसला तरी कडेनं हवा फुसफुसतच होती.

"आता रे?" आत्याचा आवाज खरोखरच बसला होता.

"थांब गं बाई." बाबांनी चिकटपट्टी ओढली, कडेनं फिरवली, वर अंगठ्यानं दाबल्यासारखा माउस दाबला. मग तार. तारेचं एक टोक पंख्याला, एक दिव्याला. सहा सेकंद. पाच. चार.

पंखा फिरला.

एक क्षण कुणाला काही कळलंच नाही. मग लाल दिवा हिरवा झाला आणि ऑफिस दणाणलं. दाढीवाला खुर्चीवर चढला, खुर्चीला चाकं होती, उतरताना पडला, पडूनही नाचत राहिला. आत्यानं शेजारच्याला मिठी मारली, मग तो कोण हे विचारलं. "सत्ताविसाव्या खेपेला जगलो!" खालून दाढीवाला ओरडत होता. "जगलो रे जगलो!"

लेक तेवढी जागची हलली नाही. हात बाबांच्या खांद्यावर ठेवला. "बाबा, मी तुमचे खण..."

"नव्वद काढलेस." त्यांनी मोजले होते. पडद्यावरच्या फिरत्या पंख्याकडे बघत म्हणाले, "अगं, मी तरी कुठं सगळे उघडतो? चार खणांवर दुकान चालतं माझं. बाकीचे गिऱ्हाइकासाठी. भरलेलं कपाट दिसलं की माणूस बिनघोर रेडिओ ठेवून जातो."

समजूत घालतायत, तिला वाटलं. जन्मभर अशीच घालत आलेत. डोळे भरले, ते दिसू नयेत म्हणून तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"पुन्हा!" आत्या ओरडत होती. "पाडा रे पुन्हा भोक! दादा, ऊठ, आता मेकॅनिक मी!"

समोर कपाटाचा फोटो होता. चौऱ्याण्णव पितळी मुठी. खालून दुसऱ्या ओळीत, बसल्या माणसाचा हात सहज पोचेल तिथं, चार मुठी चकाकत होत्या. फ्लॅशची तिरीप असेल असं धरून खेळात उतरवताना तिनं त्या बाकीच्यांसारख्याच काळ्या करून घेतल्या होत्या. आज ती टाचा उंचावून जवळ गेली. नव्वद मुठी काळवंडलेल्या, आणि त्या चार, बोटं फिरून फिरून, सोन्यासारख्या.