पहिला ताण

"तुझेच तंतू एवढे ताठ कसे गं, वीबके?" हेनिंग सगळ्यांदेखत म्हणाला. "लंगोट बदलून बदलून हात जड झाला असेल."

अंधाऱ्या प्रयोगशाळेत कुणीतरी फिस्सकन हसलं. वीबकेने खांद्यावरचा, बाळाने लावलेला गाजराचा डाग तळव्याने झाकला. बाळंतपणाच्या रजेवरून येऊन तिने तंतूंची मोजणी कुणी न शिकवताच सुरू केल्यापासून तिचा एकही आलेख हेनिंगच्या आलेखांशी जुळत नव्हता. शोधनिबंधात कुणाची मोजणी जाणार, ते आज ठरायचं होतं. तिची गेली नाही, तर तिची नोकरीही गेली. विभागप्रमुख एलर्सबाई हाताची घडी घालून मागे उभ्या होत्या.

"मग तूच ओढून दाखव," ती म्हणाली.

लेझरच्या दोन किरणांनी पाण्यात दोन सूक्ष्म मणी धरून ठेवले होते. त्यांच्यामध्ये एक तंतू चिकटलेला, पेशीला आतून सावरून धरणारा. हेनिंगने एक मणी सरकवून तंतू ताणला, सैल सोडला आणि मग नोंदणी सुरू करायला हात नेला.

"थांब. हे काय केलंस?"

"नीट चिकटलाय का ते बघितलं. एक झटका देतातच आधी. बाळाबरोबर अक्कलही बाहेर आली वाटतं?"

"नवा तंतू घे. आणि तो झटकाही नोंदव."

त्याने कुरकुरत नवा तंतू घेतला. पहिल्याच ताणाला आलेख कड्यासारखा चढला, हुबेहूब वीबकेचा. सैल सोडल्यावर तंतू होता तेवढा झाला. दुसऱ्यांदा ओढला, तर आलेख लोळतच गेला. हा हेनिंगचा.

"लांबी परत येते, जोर येत नाही," वीबके म्हणाली. "तू इतकी वर्षं दमलेले तंतू मोजतोयस."

हेनिंगचे कान लाल झाले. "मी काही माझ्या मनाने नाही करत. इथे पहिल्या दिवशी हेच शिकवतात." तो गर्रकन मागे वळला. "बाई, तुम्हीच शिकवलंत ना?"

एलर्सबाईंचं नाव ज्या मोजण्यांवर झालं, त्या सगळ्या त्या झटक्यानंतरच्या होत्या.

"पुन्हा दाखवू?" वीबकेने विचारलं.

"नको." बाई पुढे आल्या. "तुमचा करार मार्चपर्यंतच आहे, नाही का?"

आणि त्यांनी लेझर बंद केला.

सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावरचे दोन्ही मणी सुटले, डुगडुगले, पाण्याच्या ओघात निघाले. मधला तंतू इतका बारीक, की तो पडद्यावर कधी दिसतच नाही. पण कडेपर्यंत वाहत गेले तरी मण्यांमधलं अंतर काही वाढलं नाही.